गॅझेटमध्ये नाव आलं, पण मंदिर अजून संरक्षित नाही

प्रश्न : मराठवाड्यातल्या आमच्या गावात काळ्या दगडाचं हेमाडपंती महादेव मंदिर, समोर बारव आणि बारवेच्या कडेला टेकवून ठेवलेले पाच वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड) आहेत. २०१९ साली ग्रामसभेने ठराव करून पुरातत्त्व खात्याकडे पाठवला. २०२१ साली राजपत्रात अधिसूचना आली आणि ग्रामपंचायतीने 'राज्य संरक्षित स्मारक' असा फलक लावला. आता देवस्थान ट्रस्टने जीर्णोद्धाराचं काम काढलं आहे. जुना सभामंडप उतरवून आरसीसी मंडप, फरशी आणि बारवेला सिमेंटचं अस्तर असा बेत आहे. कंत्राटदाराने पायऱ्यांचे दगड काढूनही ठेवले. पोलीस तक्रार नोंदवत नाहीत. अधिसूचना असताना हे काम कसं चालू शकतं?

उत्तर : चालू शकतं, कारण तुमच्या हातात आहे ती प्राथमिक अधिसूचना आहे. कागद नीट वाचला असता तर चार वर्षांपूर्वीच कळलं असतं. सरकारचा हे स्मारक संरक्षित करण्याचा 'इरादा' आहे आणि कोणाची हरकत असल्यास ती दोन महिन्यांच्या आत कळवावी, एवढंच त्यात म्हटलेलं आहे. इरादा जाहीर झाला म्हणजे संरक्षण मिळालं असं नाही. अशी पत्रं मला सतत येतात. गाव बदलतं, मंदिराच्या जागी गढी येते, चूक मात्र तीच असते.

महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे व अवशेष अधिनियम, १९६० याच्या कलम ४ मध्ये दोन पायऱ्या आहेत. पहिल्या अधिसूचनेने दोन महिन्यांची नोटीस द्यायची आणि तिची प्रत स्मारकाजवळ ठळक जागी लावायची. मुदत संपल्यावर हरकती विचारात घेऊन दुसरी, म्हणजे अंतिम अधिसूचना काढायची. दगड काढण्याला, बदल करण्याला, जवळ बांधकाम करण्याला कायद्याने जी मनाई आहे ती 'संरक्षित स्मारका'ला लागू आहे, आणि स्मारक संरक्षित होतं ते या दुसऱ्या अधिसूचनेने. ती किती दिवसांत काढावी याला कलमात मुदत नाही. तुमचं प्रकरण नेमकं या फटीत अडकलं आहे. त्यामुळे या खेपेला पोलिसांना दोष देता येणार नाही. ग्रामपंचायतीचा फलक मात्र आजच उतरवा, नाहीतर ट्रस्टचा वकील पहिल्याच तारखेला तो दाखवून तुम्हाला खोटं पाडेल.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती जास्त गंभीर आहे. अधिसूचनेच्या अनुसूचीत गाव, गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा आणि मालकी असे रकाने असतात. तुमच्या प्रतीत फक्त मंदिराचा गट आहे. तुम्हीच जोडलेल्या सातबाऱ्यांवरून दिसतं की बारव शेजारच्या खाजगी गटात येते आणि तिथे ती 'पोटखराब', म्हणजे लागवडीला अयोग्य क्षेत्रात गडप झाली आहे. उद्या अंतिम अधिसूचना निघाली तरी बारव बाहेरच राहील. याचं मूळ ग्रामसभेच्या ठरावात आहे. 'गावातील पुरातन मंदिर परिसराचे जतन व्हावे असे सर्वानुमते ठरले', बस एवढाच तो ठराव. परिसर म्हणजे कुठून कुठपर्यंत? खात्यातला माणूस सातबारा बघून अनुसूची भरतो, त्याला बारव दिसणार कशी?

आता अंतिम अधिसूचना का अडली ते शोधा. सहसा चारपैकी एक कारण निघतं : मोजणी नकाशा जोडलेला नसतो, गट क्रमांक किंवा क्षेत्र सातबाऱ्याशी जुळत नाही, मालकाची हरकत निकाली निघालेली नसते, नाहीतर पुरातत्त्व खात्याच्या सहायक संचालकांनी पाठवलेलं त्रुटीपत्र ग्रामपंचायतीच्या फायलीत उत्तराविना पडून असतं. या चौथ्या कारणाची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते, तेव्हा आधी ग्रामपंचायतीचं आवक रजिस्टर चाळा. मग माहिती अधिकारात पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय सहायक संचालकांकडे अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. या अधिसूचनेच्या प्रस्तावावरील टिपणी, आलेल्या हरकती आणि त्रुटीपत्र यांच्या प्रती एवढंच मागा. 'मंदिराची संपूर्ण माहिती द्यावी' असा अर्ज केलात तर ३० दिवसांनी तेवढंच मोघम उत्तर येईल.

मोजणीला मात्र आजच लागा. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे अर्ज करा. मंदिर, बारव आणि वीरगळांची जागा या तिन्ही गोष्टी नकाशावर दाखवायला सांगा आणि मोजणीची 'क' प्रत घ्या. नियमित मोजणीत वेळ जातो, त्यामुळे द्रुतगतीची फी भरलेली बरी. बारवेसाठी नव्याने प्राथमिक अधिसूचना लागेल, म्हणून तिचा प्रस्ताव वेगळा करा. जुन्या प्रस्तावात घुसवलात तर मंदिराची गाडीही मागे जाईल. ग्रामसभेचा नवा ठराव गट क्रमांक, क्षेत्र 'आर'मध्ये आणि चारही बाजूंच्या खुणा लिहून करा. गणपूर्ती तपासा : मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल ती संख्या. उपस्थितीच्या सह्या नसलेला ठराव उलटतपासणीत टिकत नाही.

शेजारचा शेतकरी हरकत घेणार, हे धरून चाला. त्याला भीती असते १०० मीटरची. ती बंदी केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने आली : १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. ती केंद्र संरक्षित स्मारकांसाठी आहे. राज्य संरक्षित स्मारकाभोवती काय चालेल हे राज्याच्या नियमांवर आणि त्या त्या अधिसूचनेवर अवलंबून असतं. त्यामुळे 'काहीच निर्बंध येणार नाहीत' असं त्याला सांगू नका, ते खरं ठरेलच असं नाही. पण केवळ अधिसूचनेने जमीन जात नाही, मालकी बदलत नाही आणि देवाची पूजा बंद पडत नाही, एवढं मात्र छातीठोकपणे सांगा.

हे सगळं व्हायला महिने लागतील आणि कंत्राटदाराची पहार तुमच्या पायऱ्यांत घुसलेली आहे. त्याला थांबवण्याचा रस्ता पुरातत्त्व कायद्यात नाही, तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ४१-ई मध्ये आहे. विश्वस्त संस्थेच्या मालमत्तेचं नुकसान, नासधूस किंवा अयोग्य विल्हेवाट होण्याचा धोका असेल तर हितसंबंध असलेल्या किमान दोन व्यक्तींनी प्रतिज्ञापत्रासह केलेल्या अर्जावर धर्मादाय आयुक्तांना तात्पुरता मनाई हुकूम देता येतो. हितसंबंधासाठी विश्वस्त असावं लागत नाही, मंदिरात नेहमी दर्शनाला जाणारा गावकरी पुरतो. अर्ज विभागाच्या सह धर्मादाय आयुक्तांकडे करा. सहसा समोरच्याला नोटीस निघते. उशिराने हुकुमाचा उद्देशच फसणार असेल तर नोटिशीआधीही हुकूम देता येतो, पण त्यासाठी निकड कागदावर दिसली पाहिजे. 'ऐतिहासिक वारसा नष्ट होत आहे' हे वाक्य निकड दाखवत नाही. अमुक तारखेला पूर्वेच्या अकरा पायऱ्यांचे दगड काढले, अमुक तारखेला मंडपाच्या छताला जॅक लावले आणि त्यांचे हे फोटो, असं लिहाल तर निकड दिसते. अकरा हा आकडा उदाहरणापुरता आहे, तुमचा तुम्ही मोजून लिहा.

या अर्जासोबत तीन कागद हवेतच. ट्रस्टचा पीटीआर (सार्वजनिक विश्वस्त नोंदवहीचा) उतारा म्हणजे परिशिष्ट १, जीर्णोद्धाराचा ठराव आणि ती प्राथमिक अधिसूचना. हो, तीच. तिने संरक्षण मिळत नसलं तरी ही वास्तू जतन करण्यासारखी आहे असं खुद्द सरकारचं मत छापील आहे, आणि 'मोडकळीला आलेलं बांधकाम' या ट्रस्टच्या म्हणण्यापुढे ते वजनदार ठरतं. परिशिष्ट १ वर आज विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत तेही पाहा. ठरावावर सह्या करणाऱ्यांचा बदल अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करण्याचा अर्ज, बऱ्याचदा मंजूरच झालेला नसतो, कधी दाखलही केलेला नसतो. त्याने तुमचा खटला जिंकला जात नाही, पण ठरावाचा पाया हलतो. आणि जमीन खिदमतमाशची, म्हणजे देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेली इनामी, निघाली तर मालकीचा पेच वेगळाच आहे. तो या उत्तरात सुटण्यासारखा नाही, जुने कागद घेऊन तालुक्याच्या वकिलाकडे बसा.

दिवाणी न्यायालयात मनाईचा दावा लावू का, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. मी लावणार नाही. विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्याच कलम ८० ने दिवाणी न्यायालयावर घातलेल्या बंदीचा मुद्दा पहिल्याच तारखेला येतो आणि त्याच अधिनियमाच्या कलम ५० खालचा दावा असेल तर धर्मादाय आयुक्तांची लेखी संमती आधी लागते. सरकारला पक्षकार केलंत तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस येते. ती वगळण्याची परवानगी मागता येते, पण त्यावरच दोन तारखा जातात. तोवर मंडपाचे खांब ट्रॅक्टरमध्ये गेलेले असतील. उच्च न्यायालयात रिट करता येईल, पण अपेक्षा नेमकी ठेवा. 'स्मारक संरक्षित घोषित करा' असा आदेश मिळेल असं मला वाटत नाही, कारण १९६० च्या कायद्याच्या कलम ४ मध्ये सरकारला अधिकार दिला आहे, सक्ती केलेली नाही. 'हरकतींवर अमुक आठवड्यांत निर्णय घ्या' एवढा आदेश मिळण्यासारखा आहे आणि तुम्हाला तोच हवा आहे. मात्र मोजणी नकाशा आणि त्रुटींची पूर्तता खात्यात पोचल्याची पोच हातात असल्याशिवाय तिकडे जाऊ नका. 'अर्जदारानेच कागद दिले नाहीत' या एका वाक्यावर सरकारी वकील तुम्हाला परत पाठवेल.

एक गोष्ट तपासायला खर्च नाही. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने निजामकाळातच मराठवाड्यातली काही स्मारकं संरक्षित केली होती. तुमचं मंदिर त्या जुन्या यादीत आहे का, हे सहायक संचालकांच्या कार्यालयात लेखी विचारा. असलं तर वरचा बराचसा खटाटोप वाचेल.

वीरगळांचं वेगळं आहे. ते सुटे आहेत आणि शंभर वर्षांहून जुने असल्याने १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्याखाली येतात. त्यांची नोंदणी होऊ शकते आणि त्यासाठी कलम ४ च्या अधिसूचनेची वाट बघावी लागत नाही. प्रत्येकाची उंची-रुंदी सेंटिमीटरमध्ये घ्या. शेजारी फूटपट्टी ठेवून समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. खालपासून वरपर्यंत कप्पे किती, लढाई कुठे, अप्सरा कुठे, वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्र-सूर्य आहेत का, हे लिहून ठेवा. त्याशिवाय चोरीला गेलेला वीरगळ आणि सापडलेला वीरगळ एकच आहे हे सिद्ध करता येत नाही. ऑइलपेंट लावू नका. आधीच लावलेला असेल तर तारेच्या ब्रशने खरवडू नका, कोरीवकामाची कडच जाते. एखादा कोणाच्या फार्महाऊसवर पोचला तर मात्र पोलीस ठाण्यात जा. देवळातली मूर्ती चोरीला गेली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०५ आहे. देवळाबाहेरच्या वीरगळाला ते लागेल की साध्या चोरीचं ३०३, यावर वाद होईल, पण गुन्हा नोंदवायला तो वाद आड येत नाही.

बारवेतला गाळ कोणी काढत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना आधीच लेखी कळवून ठेवा. गाळात मूर्ती किंवा नाणी निघाली आणि त्यांची किंमत १० रुपयांच्या वर असली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी सूचना द्यायची असते. रक्कम तेव्हाची आहे, कर्तव्य आजही लागू आहे. मूर्ती धुऊन, शेंदूर लावून, चौथऱ्यावर बसवून मग कळवण्याची जी पद्धत आहे, तिने सापडणाराच अडचणीत येतो.

ग्रामपंचायतीकडे फार आशेने पाहू नका, पण दोन गोष्टी तिच्या हातात आहेत. मंदिर गावठाणात येत असेल तर नव्या मंडपाला ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ ची परवानगी लागते. ती मागितली होती का आणि दिली असेल तर कोणत्या नकाशावर, याची प्रत घ्या. गावठाणाबाहेर असेल तर परवानगीचं दार दुसरं, तेव्हा आधी हद्द बघा. दुसरं, बारवेचा पंचायतीच्या दप्तरात कुठे उल्लेख आहे का ते पाहा. स्थावर मालमत्तेच्या नमुना २२ मध्ये ती सापडली तर खाजगी गटातल्या बारवेवर गावाचा वापर आणि ताबा दाखवायला उपयोग होईल. नाही सापडली तर आता घाईने नोंद करून घेऊ नका, मागच्या तारखेची शाई न्यायालयात लगेच ओळखू येते.

काढलेल्या पायऱ्यांचे दगड कुठे आहेत, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. हेमाडपंती बांधणी चुन्याशिवाय, दगडाला दगड बसवून केलेली असते, त्यामुळे प्रत्येक दगडाची जागा ठरलेली असते. क्रम गेला की पुन्हा बसवताना कोणीतरी मधल्या फटीत सिमेंट ओततं, पाणी आत अडकतं आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. उद्या सकाळीच ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या तलाठ्यांना, बोलावून दोन पंचांसमक्ष पंचनामा करा. प्रत्येक दगडाच्या न दिसणाऱ्या बाजूवर खडूने क्रमांक टाका, फोटो घ्या आणि दगड मंदिराच्या आवारातच, ताडपत्रीखाली, फळ्यांवर ठेवा. पंचनाम्याची एक प्रत ४१-ई च्या अर्जाला जोडा.