शनिवारचं तेल

"मॅडम, ह्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय का?" ताईंनी खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

नवरा सत्तेचाळीस वर्षांचा, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी सुपरवायझर. लाइन बंद पडली, नोकरी गेली. घरच्या सत्यनारायणालाही कुरकुरणारा हा माणूस आता पहाटे उठून मारुतीस्तोत्र म्हणतो, दर शनिवारी तेल वाहायला जातो. सासूबाई खूश, ताई घाबरलेल्या.

मी समुपदेशक, हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. कधी उलटाही येतो: पोरगा गेल्यावर देव्हारा माळ्यावर टाकलेला बाप.

संकटात माणूस देवाकडे वळतो, हे बरंचसं खरं आहे. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला फेब्रुवारी 2011 मध्ये भूकंप झाला, 185 माणसं गेली. त्या देशात त्याच त्या लोकांना पुन्हापुन्हा प्रश्न विचारणारी पाहणी आधीपासून चालू होती. ज्यांना भूकंपाची थेट झळ बसली त्यांच्यात धर्म मानणारे वाढले. बाकी देशात कमी होत होते. तरी कोऱ्या पाटीवर देव उमटतो, असं मला वाटत नाही. दुष्काळात दिवाळं निघालं आणि तुकोबा विठ्ठलाकडे वळले, असं आपण सांगतो. पण त्यांच्या घरात पंढरीची वारी पिढ्यांची होती.

म्हणून ताईंना विचारलं, "घरात मारुतीचं आधी कोण करायचं?"

"सासरे. दर शनिवारी, ह्यांना सायकलवर पुढे बसवून." मग त्या जरा थांबल्या. सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती.

झोप, जेवण, बोलणं, भास-बिस, सगळं विचारून घेतलं. तिथे काही खटकलं असतं तर थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. खटकलं नाही. उलट देवळात जायला लागल्यापासून झोप सुधारली होती. तेलाची मला काळजी नव्हतीच. पण जाता जाता ताई म्हणाल्या, कुणा ज्योतिष्याने साडेसातीवर नीलम दिला, एफडी मोडून अडतीस हजार. शिवाय मंगळवारी साडेतीनला इंटरव्ह्यू होता, राहुकाळ म्हणून हे गेलेच नाहीत.

पुढच्या वेळी ते स्वतः आले. पहिलाच प्रश्न, "तुम्ही देव मानता का?"

"दहावीच्या निकालादिवशी फार मानायचे."

हसले. मग बोलले. "घरी बसलं की वाटतं, कुणीतरी मला तपासून रिजेक्टच्या पेटीत टाकलंय. देवळात रांगेत चार माणसांसारखा उभा असतो."

राहुकाळाचंही हळूहळू निघालं. 'नोकरी का गेली?' असं विचारलं तर काय सांगायचं, याची धास्ती होती. धास्ती म्हणायची लाज वाटते, राहुकाळ म्हणायची नाही. त्या एका उत्तराचा सराव आम्ही तीन बैठका केला. देवाचा विषय मी काढला नाही. एवढंच ठरलं, की स्तोत्र झालं की दोन फोन, आणि पैशाचा कुठलाही उपाय दोघांनी बोलून.

आता ते भोसरीत एका लहान वर्कशॉपमध्ये आहेत, पगार आधीपेक्षा कमी. शनिवार चालू आहे. परवा ताईंचा फोन आला, "सगळं बरंय मॅडम. तेवढी ती अंगठी… सोनार म्हणतो, खड्याचं काही देणार नाही, चांदीचे काय होतील ते घ्या."