वाचकांचे प्रश्न : नोकरी सांभाळून जपानी

प्रश्न : वय ३८, चाकणच्या कारखान्यात शिफ्टची नोकरी. जपानी शिकायला रोज जेमतेम पाऊण तास मिळतो. डिसेंबरची जेएलपीटी (जपानी भाषेची परीक्षा) एन-५, म्हणजे तिची सर्वांत सोपी पातळी, सहा महिन्यांत जमेल का? पाठ केलेले शब्द आठवड्यात विसरतात.

उत्तर : जमेल. शब्दांची वही देवनागरीत असेल तर मात्र ती आजच बाजूला ठेवा. मराठीत ए-ओचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नसतात, जपानीत असतात. ‘कोको’ म्हणजे इथे. दोन्ही ओ लांबवले की हायस्कूल. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात आणि कानही तसाच फसतो. आधी हिरागाना या मूळ जपानी लिपीची ४६ अक्षरे हाताने गिरवा, रोज पाच. मग काताकाना, म्हणजे परक्या शब्दांसाठीची लिपी.

एन-५साठी साधारण ८०० शब्द आणि १०० कांजी (चिनीतून आलेली चित्राक्षरे) धरा. अंकीसारख्या, शब्दांची उजळणी करून घेणाऱ्या ॲपवर रोज ८ नवे शब्द घेतले, तर शंभर दिवसांत होतात. शिफ्ट बदलली की दोन दिवस बुडतात, उजळणी साचते, त्यात नवे शब्द घातले की सगळेच सुटते. अशा दिवशी फक्त जुनेच शब्द करा.

वाक्यरचना आपल्याला सोपी जाते, कारण क्रियापद शेवटी आणि प्रत्यय नामामागून येतात. अडतो तो ‘-त’. पुण्यात राहतो, पुण्यात काम करतो : मराठीला एकच प्रत्यय पुरतो. जपानीत राहण्याला ‘नि’, काम करण्याला ‘दे’. म्हणून क्रियापद नेहमी प्रत्ययासकट पाठ करा.

पाऊण तासातली १५ मिनिटे ऐकण्याला द्याच. उत्तीर्ण व्हायला १८०पैकी ८० गुण लागतात, पण ऐकण्यात ६०पैकी १९ आणि उरलेल्या भागात १२०पैकी ३८ स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. परीक्षेत संवाद एकदाच ऐकवतात. घरी दोन मिनिटांचा एकच संवाद तीनदा ऐका, तिसऱ्यांदा सोबत बोला.

प्रश्न : एन-५ झाल्यावर जपानी पाहुण्यांशी बोलता येईल?

उत्तर : आपोआप नाही, या परीक्षेत बोलणे तपासतच नाहीत. कामाची वीस वाक्ये वेगळी बसवा. त्यात मोजणी हवीच : पत्र्यांना ‘माइ’, सुट्या लहान भागांना ‘को’, दांड्यांना ‘होन’. दांड्यांचे उच्चार बदलतात : इप्पोन, निहोन, सानबोन. तारखाही १ ते १० वेगळ्याच आहेत, त्या तोंडपाठ करा. डिलिव्हरीची तारीख चुकीची ऐकली तर पुढचे सगळे वेळापत्रक बिघडते.