सांगलीत बीव्हर विमानाचं मोठं रेडिओ कंट्रोल मॉडेल बनवायचंय, कोणतं स्केल घेऊ?

पाचास एक घ्या, म्हणजे खऱ्याच्या एक पंचमांश. डी हॅविलंड कॅनडाचं बीव्हर १९४७ साली पहिल्यांदा उडालं. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ४८ फूट, म्हणजे मॉडेलचा साधारण २.९ मीटर. पंख दोन भागांत केलेत की गाडीच्या मागच्या सीटवर मावतात. चारास एक केलंत तर विस्तार १२ फुटांवर जातो आणि वजन आवरत नाही. आपल्याकडे ड्रोन नियम २०२१ प्रमाणे छंदाच्या मॉडेलला २५ किलोची मर्यादा आहे, हे आधीच ध्यानात ठेवा.

खरी कसोटी शेपटीची. बीव्हरचं नाक आखूड, त्यामुळे शेपटीत १० ग्रॅम वाढले की नाकात २५-३० ग्रॅम शिसं भरावं लागतं. म्हणून मागचा सगळा सांगाडा बाल्साचाच (अगदी हलकं लाकूड) करा, तिथे प्लाय नको. माझ्या पहिल्या मॉडेलात मी शेपटीला प्लाय लावला आणि ते वजन शेवटपर्यंत निघालं नाही. पंखाची रुंदी पुढून मागे सगळीकडे जवळपास सारखीच, सुमारे ३१-३२ सेंटिमीटर. गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून ९ सेंटिमीटरच्या आत ठेवून पहिलं उड्डाण करा.

फ्लॅप्ससोबत (पंखाच्या मागच्या कडेच्या, उतरताना खाली येणाऱ्या पट्ट्या) एलेरॉनही, म्हणजे टोकाकडच्या विमान कलवणाऱ्या पट्ट्याही, थोडे खाली येऊ द्या, खऱ्या बीव्हरमध्येही तसंच आहे. उतरताना काय सुंदर तरंगतं!

जागेचं म्हणाल तर ऊसतोड झालेलं मोकळं रान बघा, मालकाला विचारून. उभ्या उसात विमान पडलं तर दिवसभर सापडत नाही. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन नकाशावर तो भाग हिरवा, म्हणजे उडवायला मोकळा, आहे का, तेही तपासा.