कृषी सल्ला : साबुकंदाला कंद कधी धरतो?

साबुकंद म्हणजे टॅपिओका, ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात. त्याबद्दल भोर तालुक्यातल्या एका शेतकरी बंधूंनी विचारलं आहे : "२० जूनला ६ गुंठ्यांत साबुकंद लावला, कांड्या सेलमकडून मागवल्या होत्या. दीड महिना झाला, पाला हिरवागार आहे. पण एक झाड उपटून बघितलं तर खाली नुसत्या दोऱ्यासारख्या मुळ्या, त्याही जास्त एकाच बाजूला. कंद एकही नाही. बेणं खोटं निघालं का? युरिया वाढवू का?" शिरूरहून विचारणा आहे की काळ्या रानातला साबुकंद पिवळा पडतोय आणि मुळ्यांना कुजका वास येतोय. पुरंदरच्या एका ताईंना काढणीनंतर बारके कंद राखून ते पुढच्या वर्षी बटाट्यासारखे लावायचे आहेत. तिन्ही प्रश्नांचं उत्तर मुळीपाशीच आहे, म्हणून एकत्रच लिहितो.

भोरच्या बंधूंना आधी सांगतो. बेणं खोटं नाही. युरिया वाढवू नका. आणि कृपा करून आणखी झाडं उपटू नका.

तुमच्या बांधावर टाकलेलं ते झाड मी हातात घेऊन नीट पाहिलं. कांडीच्या जमिनीतल्या डोळ्यांपाशी आणि खालच्या कापाच्या कडेला पांढऱ्या मुळ्या फुटल्या होत्या. बहुतेक सुतासारख्या बारीक होत्या, पण त्यांतल्या चार मुळ्या अगरबत्तीच्या काडीएवढ्या जाड झालेल्या दिसल्या. त्यांतली एक ब्लेडने आडवी कापली आणि जखमेला लावायच्या आयोडीनचा एक थेंब सोडला. बघता बघता काप निळा-काळा झाला. म्हणजे आत स्टार्च भरायला लागलेला आहे. शेजारच्या बारीक मुळीवर तोच थेंब तपकिरीच राहिला. तुमच्या डोळ्यांना जो कंद दिसला नाही तो तिथेच होता, वाढीला लागलेला.

साबुकंदाचा कंद म्हणजे फुगलेली मुळीच असते. लागवडीनंतर ५ ते ७ दिवसांत कांडीला मुळ्या सुटतात, १० ते १५ दिवसांत कोंब वर येतो. पहिला महिनाभर झाड कांडीतल्या शिदोरीवर जगतं. पानं कमावती झाली की साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात काही मोजक्या मुळ्या जाड होऊ लागतात. मुळीच्या सालीखाली वाढीचा एक थर असतो, तो आतल्या बाजूला मऊ पेशी घालत जातो आणि त्या पेशींत स्टार्च साठतो. एकदा मुळी अशी फुगायला लागली की जमिनीतलं पाणी आणि अन्न ओढायचं तिचं काम जवळजवळ थांबतं. ते काम उरलेल्या बारीक मुळ्यांना करावं लागतं, आणि त्यांतल्या काही खोलवर जातात. म्हणून बारीक मुळ्या बघून नाराज होऊ नका, कंद पोसणाऱ्या त्याच आहेत.

झाडाला किती कंद राहणार हे पहिल्या तीन महिन्यांत जवळपास ठरून जातं. चांगल्या झाडाला साधारण ५ ते १० कंद धरतात. त्यानंतर कंद जाड होतात, लांब होतात, पण संख्येत फारशी भर पडत नाही. तुमच्या रानात ही मुदत २० सप्टेंबरच्या आसपास संपते. या काळात तण माजलं, पाणी साचलं किंवा बुंध्याशी खोल खुरपणी करून मुळ्या तुटल्या, तर नंतर कितीही खत घातलं तरी ते कंद परत येत नाहीत. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण आपल्याकडे श्रावणात भाताच्या कामांत साबुकंदाची खुरपणी मागे पडते. वाफसा आला, म्हणजे चिखल जाऊन माती नुसती ओलसर राहिली, की वरवर खुरपणी करा आणि बुंध्याला मातीची भर द्या. प्रत्येक झाडावर समोरासमोरचे दोनच जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढून टाका.

खताचं म्हणाल तर हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि १०० किलो पालाश ही मात्रा धरा. गुंठ्याला हिशेब केला तर सुमारे सव्वादोन किलो युरिया, ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि पावणेदोन किलोच्या आत म्युरेट ऑफ पोटॅश होतं. स्फुरद सगळं आणि बाकी दोन्ही निम्मे लागवडीला दिले असतील, तर उरलेला युरिया आणि पोटॅश २० ऑगस्टच्या सुमारास, पावसाची उघडीप बघून द्या. नत्र जास्त झालं की झाड पाल्याला जातं आणि कंदाच्या वाट्याला कमी येतं. पोटॅश मात्र चुकवू नका, पानात तयार झालेली साखर मुळीपर्यंत पोचवायला आणि तिचा स्टार्च व्हायला ते लागतं.

मुळ्या एकाच बाजूला का, याचं उत्तर तुमच्या कांडीच्या बुडाशी सापडलं. उसाचं बेणं तोडतो तसा कोयत्याचा तिरका घाव होता. काप तिरका असला की मुळ्या बहुतेक त्याच्या खालच्या टोकाकडे गोळा होतात आणि पुढे कंद एकमेकांना दाबतात. पुढच्या वेळी २० ते २५ सेंटिमीटरची कांडी बारीक दातांच्या करवतीने सरळ आडवी कापा, म्हणजे मुळ्या चहूबाजूंनी सुटतात. लावताना डोळे वरच्या दिशेला आहेत ना ते पाहा आणि कांडी उभी रोवा. ३ बाय ३ फुटांवर गुंठ्याला सुमारे १२० झाडं बसतात.

आता शिरूरचं. मुळी फुगायला जमिनीत हवा लागते. भारी काळी माती पावसात चिकट होऊन हवा कोंडते आणि उन्हात भेगाळून मुळ्या तोडते. कुजका वास म्हणजे बारीक मुळ्या आधीच मेल्या आहेत. आज लगेच चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा आल्यावर झाडांना वरंब्यावर घ्या. ज्यांची बुडं मऊ पडली आहेत ती झाडं काढून टाका. माझं स्पष्ट मत विचाराल तर पुढच्या वर्षी या रानात साबुकंद लावू नका. तुमच्याकडे मुरमाड, निचऱ्याचा तुकडा असेल तर तिथे फूटभर उंच वरंबे करून लावा. भारी रानातून पुढे कंद न मोडता काढणंही जिवावर येतं.

पुरंदरच्या ताई, बारके कंद लावले तर ते कुजून जातील. बटाटा हे जमिनीतलं खोड आहे, म्हणून त्याला डोळे असतात. साबुकंदाच्या कंदाला डोळा नसतो. रताळंही मूळच, पण त्याला कोंब फुटतात, याला तेही होत नाही. बेणं राखायचं ते खोडाचं. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे आणि मुरड नसलेली, म्हणजे मोझॅक हा विषाणूचा रोग न आलेली झाडं आत्ताच खुणेने बांधून ठेवा. काढणीला त्यांची पक्व खोडं कापून, शेंडा वर ठेवून, सावलीत उभी करा.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास उतरला की झाड वाढ थांबवून पानं गाळतं. त्याला रोग समजून फवारण्या करू नका. जूनची लागवड एप्रिलमध्ये १० महिन्यांची होते. तेव्हाच, वळवाच्या आधी काढणी उरका. पाऊस पडला की नवी पालवी फोडायला झाड कंदातलाच स्टार्च वापरतं आणि कंद पाणचट लागतो. काढलेला कंद दोन-तीन दिवसांत आतून निळसर-काळा पडायला लागतो, त्यामुळे घेणारा पक्का असल्याशिवाय कुदळ लावू नका.

घरच्यांना एक आवर्जून सांगा. कच्च्या कंदात, सालीत आणि पानांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, सालीत जास्त. कंद जाड साल काढून, फोडी करून, भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या. सोललेल्या साली आणि ओला पाला शेळ्यांच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी ठेवा.