इशारा लिहिताना मोघम राहू नकोस

‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’ या चित्रपटाचं परीक्षण लिहितोयस, तर पालकांसाठीच्या इशाऱ्यात नुसतं ‘हिंसा आहे’ म्हणू नकोस. आईवडिलांना त्यातून काहीच कळत नाही. जिवंत माणसाचं काळीज उपसतात, लहान मुलांना चाबकाखाली खाणीत राबवतात, हे स्पष्ट लिही. अशाच दृश्यांवर पालक संतापले आणि अमेरिकेत १९८४ साली ‘पीजी-१३’ हा नवा दर्जा आला, म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारा.

भारताच्या चित्रणाबद्दल मात्र वेगळा परिच्छेद हवाच. राजवाड्यातल्या पंगतीत माकडाचा मेंदू वाढतात, कालीमातेला नरबळी घेणारी करून टाकतात. चित्रपटातले खलनायक ठग आहेत; ठगांची ही प्रतिमा त्यांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनसारख्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणातून आलीय, तेही सांग. गावातल्या दृश्यांचं चित्रीकरण श्रीलंकेत झालं, म्हणून भारतातले गावकरी सिंहली बोलतात! अमरीश पुरींचा खलनायक पुजारी मोलाराम जबरदस्तच. ते कौतुकही मोकळेपणानं कर.