वाचकांचे प्रश्न : सर्व्हरमधून डेटा जातो किती आणि नेतो कोण?

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. कार्यालयातील सर्व संगणकांचे इंटरनेट दोन नेटवर्क कार्डे असलेल्या एका लिनक्स सर्व्हरमधून जाते. लाइन १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट) असूनही डाउनलोडचा आकडा ११-१२ च्या पुढे सरकत नाही आणि दुपारी अडीचच्या सुमारास तर सगळेच ठप्प होते. सेवा पुरवठादार म्हणतो, वापर तुमचाच जास्त आहे. मी आयएफटॉप (चालू वापर पडद्यावर दाखवणारे साधन) लावून बसतो, तेव्हा नेमके काहीच दिसत नाही. काय करावे?

उत्तर : आपली पहिली तक्रार मात्र सोडून द्यावी लागेल. लाइन मेगाबिटमध्ये विकली जाते आणि डाउनलोडचा आकडा बहुधा मेगाबाइटमध्ये दिसतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० मेगाबिटांचे साडेबारा मेगाबाइट होतात आणि त्यातलाही थोडा भाग पॅकेटांच्या, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांच्या, हेडरमध्ये (तुकड्यावरील पत्त्याच्या मजकुरात) खर्ची पडतो. म्हणजे ११-१२ दिसते तेव्हा लाइन पूर्ण वेगाने चालू असते.

दुपारचा प्रश्न मात्र खरा आहे. आयएफटॉप फक्त चालू क्षण दाखवते, मागचे काही जपून ठेवत नाही, त्यामुळे आपण जेवून परत येईपर्यंत पुरावा निघून गेलेला असतो. लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, प्रत्येक इंटरफेसवर (नेटवर्क कार्डावर) आलेल्या-गेलेल्या बाइटांची मोजणी सतत करत असतो, जशी घरातील विजेच्या मीटरवर युनिटे चढत जातात. दहा सेकंदांच्या अंतराने दोन नोंदी घेतल्या आणि फरक ११,५०,००,००० बाइटांचा आला, तर सेकंदाला १,१५,००,००० बाइट, म्हणजेच ९२ मेगाबिट झाले. हीच वजाबाकी रात्रंदिवस करून तारीखवार जपून ठेवण्याचे काम व्हीएनस्टॅट हे साधन करते. ते पॅकेटे उघडून पाहत नाही, कर्नलचे आकडे तेवढे वाचते, म्हणून जुन्या यंत्रावरही त्याचा भार जाणवत नाही; आणि सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर कर्नलची मोजणी शून्यावर आली, तरी त्याच्या नोंदी राहतात. ते आजच बसवावे आणि आठवडाभर तासावार तक्ता पाहावा.

तक्ता वाचताना एक चूक हमखास होते. बाहेरच्या (इंटरनेटकडच्या) कार्डावर जे 'आवक' म्हणून नोंदले जाते, तेच आतल्या (कार्यालयाकडच्या) कार्डावर 'जावक' म्हणून पुन्हा दिसते. दोन्हींची बेरीज केल्यास वापर जवळजवळ दुप्पट भरेल. पुरवठादाराशी बोलताना केवळ बाहेरच्या कार्डाचे आकडे पुढे ठेवावेत.

वेळ नक्की कळली, की त्या वेळी आयएफटॉप लावावे, पण आतल्या कार्डावर. बाहेरच्या कार्डावर प्रत्येक संगणकाच्या पत्त्याचे सर्व्हरच्या पत्त्यात रूपांतर झालेले असल्याने सगळे संगणक एकाच पत्त्याखाली दिसतात. नेटहॉग्ज हे दुसरे साधन या कामी उपयोगाचे नाही, कारण ते सर्व्हरवरील प्रोग्रॅमचा हिशेब देते आणि आपला सर्व्हर मुख्यतः दुसऱ्यांचा डेटा पुढे ढकलतो आहे. जावकीकडेही लक्ष असू द्यावे: कॅमेऱ्यांचे चित्रण किंवा डिझाइनच्या फायली वर चढत असतील आणि जावक काठोकाठ भरली असेल, तर पानांसाठीच्या विनंत्याच बाहेर जायला अडतात आणि आवक रिकामी असूनही पाने उघडत नाहीत.

व्हीएनस्टॅटमध्ये दुपारचा वापर कमीच निघाला, तर इंटरफेसच्या आकडेवारीतील एरर (बिघडलेली पॅकेटे) आणि ड्रॉप (टाकून दिलेली पॅकेटे) हे रकाने पाहावेत. एररचा आकडा चढत असल्यास आधी केबल बदलून पाहावी. ती लूमच्या मोटारींशेजारून नेलेली असेल, तर नक्कीच.