बर्फीला पुण्याला पाठवू का?

प्रश्न : ताई, मी जळगावात एका छोट्या शेल्टरमध्ये रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मदतीला जाते. फेब्रुवारीत एका घरच्यांनी त्यांची हस्की जातीची कुत्री आमच्या गेटवर आणून सोडली, म्हणे घर बदललंय. मादी आहे, तीनेक वर्षांची असेल, आम्ही नाव ठेवलं बर्फी. माझी आजी एकदा बघायला आली तर दारातच थांबली, म्हणाली "हाई कुत्रं शे का लांडगं शे?" पण आता मे चालूय, आमचं शेड पत्र्याचं, दुपारी बर्फी कूलरसमोर ओल्या गोणपाटावर नुसती पडून असते आणि जीभ बाहेर. पुण्याकडचे काही लोक फक्त हस्कींचंच रेस्क्यू करतात, ते घ्यायला तयार आहेत. पण आमच्यातच दोन गट पडलेत. काहीजण म्हणतात गावठींना कोणी विचारत नाही आणि हिलाच एवढं का. मला स्वतःला वाटतं आपणही तिला टाकूनच देतोय की काय. अजून एक, मार्चमध्ये ती जेवत असताना एका मुलाने ताटली ओढली तर त्याच्या हाताला तिचे दात लागले. हे त्यांना सांगू का? सांगितलं आणि त्यांनी नाही म्हटलं तर? – एक वाचक, जळगाव

उत्तर : तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा ती गोणपाटावर पडलेली बर्फीच डोळ्यासमोर आली, म्हणून आधी तेच बोलते. पाठव. टाकून देणं म्हणजे तिच्या आधीच्या घरच्यांनी केलं ते, गेटवर सोडून मागे वळून न बघता निघून जाणं, आणि पाळलेलं जनावर असं वाऱ्यावर सोडणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. तू तर तिच्यासाठी माणसं शोधतेयस, चौकशी करतेयस, रात्री झोप लागत नाही म्हणून पत्र लिहितेयस. दोन्ही गोष्टी एका तराजूत घालू नकोस गं.

हस्की ही मूळची सायबेरियातली, तिथल्या चुकची लोकांची, बर्फावरची घसरगाडी (स्लेज) ओढणारी कुत्री. अंगावर केसांचे दोन थर, आतला लोकरीसारखा दाट. आपल्याकडे भुसावळ-जळगावला पारा 44-45 वर जातो तेव्हा आपण माणसं पंख्याखाली ओला पंचा टाकून पडतो तर तिचं काय होत असेल. आणि कोणीतरी तुम्हाला नक्की सुचवलं असेल की केस भादरून टाका, ते अजिबात करू नका. भादरलं की कातडी उन्हात उघडी पडते आणि केस परत नीट येतीलच असं नाही. त्यापेक्षा रोज कंगव्याने आतले सुटलेले केस काढा, फिरवायचं ते पहाटे नाहीतर रात्री नऊनंतर. कुत्र्याच्या अंगाचं नॉर्मल तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, ती धापा टाकायला लागली, हिरड्या लालभडक झाल्या, चाल लटपटली की थांबायचं नाही, साध्या पाण्याने भिजवायचं, वारा घालायचा आणि तसंच डॉक्टरकडे न्यायचं.

आता तुमच्यातल्या त्या भांडणाबद्दल. गावठींची कळकळ असणारे चुकीचे नाहीत, पण ते बर्फीला मध्ये का आणतात ते मला कळत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांना 2023 च्या एबीसी म्हणजे प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी नसबंदी आणि लस करून त्यांच्याच भागात परत सोडायचं असतं, ती तिथं जगतात, त्यांना ते ऊन, ती गल्ली, तो हॉटेलवाला सगळं माहीत असतं. बर्फीला उद्या गिरणेकाठी सोडलं तर दोन दिवस निघणार नाहीत. आणि ती गेली की तो कूलर आणि ती खोली मोकळी होते, तिथं उद्या गाडीखाली आलेलं एखादं गावठी पिल्लूच येणार ना. शिवाय हस्की म्हणजे काय हे जाणणारी माणसं वेगळी असतात. ती भिंतीवरून उडी मारते, कुंपणाखालून उकरून निघते, भुंकण्याऐवजी रडल्यासारखा सूर लावते, कोंबडी दिसली की मागं लागते. हे सगळं आपल्याला नवं आणि त्यांना रोजचं.

पण मी तुला खरं कशासाठी थांबवतेय ते ऐक. मादी आहे, तीन वर्षांची आहे, नसबंदीचं तू काहीच लिहिलं नाहीस. झाली नसेल तर ती तिथून हलवूच नका. हस्कीचा फोटो एकदा ग्रुपवर पडला की पहिल्या तासात फोन येतात आणि त्यातल्या अर्ध्यांचा पहिलाच प्रश्न असतो, "फीमेल आहे का, ऑपरेशन झालंय का?" तिचं नाव नाही विचारत, तब्येत नाही विचारत. हे पिल्लांचा धंदा करणारे, रेस्क्यूचं नाव सांगून येतात, आणि मग ती कुठल्यातरी गच्चीवरच्या पिंजऱ्यात वर्षाला दोनदा विते. मी हे एकदा फार उशिरा ओळखलंय आणि त्या कुत्रीचं पुढं काय झालं ते मला आजपर्यंत कळलं नाही, म्हणून हात जोडून सांगते.

ऑपरेशनच्या आधी रक्त तपासा. शेल्टरमध्ये गोचीड असतातच, गोचीडताप झालेला असेल तर प्लेटलेट कमी होतात आणि टेबलावर रक्त थांबत नाही. आधी तो ताप, डॉक्टर साधारण चार आठवडे गोळ्या देतात, मग नसबंदी, मग टाके सुकायला दहा ते चौदा दिवस. रेबीज आणि डिस्टेंपर-पार्वोची लस झालेली आणि कार्डावर तारीख-शिक्का असलेली पाहिजे. निघायच्या आधी चौदा दिवस इतर कुत्र्यांपासून वेगळी ठेवा म्हणजे आजार असला तर इथंच दिसेल, त्यांच्याकडच्या दहा कुत्र्यांना लागणार नाही. एवढं सगळं धरलं तर जून उजाडेल, ताप निघाला तर जुलै. उजाडू दे, पाऊस पडल्यावर प्रवासही सोपा.

आणि ते दात लागलेलं. सांग. जसं घडलं तसं लिहूनच दे, जेवत होती, ताटली ओढली, हाताला दात लागले, जखम किती होती, मुलाला इंजेक्शन दिलं का. मला कळतं तुला भीती वाटते ती नाही म्हणतील याची. पण समजा लपवलंस, त्यांनी तिला लहान पोरं असलेल्या घरात दिलं, तिथं दोन वर्षांच्या पोरानं तिच्या ताटात हात घातला, मग? पोराचं जाईल ते जाईल आणि बर्फीला त्यानंतर कोणीच घेणार नाही. ताटलीवर गुरगुरणं हे अनेक कुत्र्यांत असतं, त्याच्यावर काम करता येतं, जी माणसं रोज हस्की हाताळतात ती एवढ्यानं पळून जाणार नाहीत. आणि पळालीच तर बरं झालं म्हण, आधीच कळलं. त्या मुलाचं रेबीजचं इंजेक्शन झालं नसेल तर हे बाजूला ठेवून आधी सरकारी दवाखान्यात जा, उशीर झाला म्हणून टाळू नकोस.

त्यांची पण चौकशी करा, त्यात लाजायचं काही नाही. व्हिडिओ कॉलवर जागा दाखवायला सांगा, फक्त ऑफिस नको, जिथं कुत्री झोपतात ती जागा. ज्यांनी आधी त्यांना कुत्रं दिलंय अशा दोन जणांशी बोला. नोंदणीचा कागद मागा. करारात एक ओळ आग्रहानं घाला की पुढच्या घरी जमलं नाही तर ती परत त्यांच्याकडे किंवा तुमच्याकडेच येईल, तिसऱ्याला परस्पर देणार नाही. जागा न दाखवता आधी गाडीभाडं यूपीआय करा म्हणणारा असेल तर विषय तिथंच संपव. आणि जुन्या मालकाकडून सोडल्याचं सहीचं पत्र घेतलंय का? नसेल तर आजच घे, नाहीतर चार महिन्यांनी "आमची कुत्री द्या" म्हणून दारात उभे राहतात.

प्रवास गाडीनेच. रेल्वेत पहिल्या वर्गाच्या एसीत पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असेल तरच कुत्रं सोबत नेता येतं, सेकंड-थर्ड एसी, स्लीपरमध्ये नाही, मग राहतो गार्डच्या डब्यातला पेटारा आणि त्यात हस्की घालायची कल्पनाच करवत नाही. रात्री दहाला निघा, चारशेच्या आसपास किलोमीटर, सकाळपर्यंत पोचता. जेवण निघायच्या पाच-सहा तास आधी, थोडंसं. गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, दोन्हीला वेगळी दोरी. हे मी अनुभवानं सांगते. कन्नड घाटाच्या अलीकडे एका धाब्यावर आम्ही चहाला थांबलो, दार उघडलं, कुत्र्यानं मान मागं खेचली आणि माझ्या हातात नुसता पट्टा राहिला, बकल लावलेलं तसंच. अंधार, ट्रकांचे लाईट, आणि आम्ही तिघं दीड तास त्याच्या नावानं ओरडत फिरत होतो. सापडला तो धाब्यामागं भांडी घासायच्या जागी, खरकटं खात उभा. तेव्हापासून दोरी हातात गुंडाळल्याशिवाय मी गाडीचं दार उघडत नाही, तूही उघडू नकोस.

पोचल्यावर लगेच निघू नका, तासभर बसा, ती पाणी पिते का बघा, तिथल्या माणसाच्या हातून खाते का बघा. नंतर ती दोन-तीन दिवस जेवणार नाही कदाचित, त्यांचा फोन आला तर घाबरून परत आणायला निघू नकोस, नव्या जागी असं होतं. आणि ती ज्या गोणपाटावर झोपते ना, तो धुवायचा नाही, तसाच वासासकट गाडीत टाक आणि तिथं तिच्या कोपऱ्यात अंथरून ये.